बांधाबाहेर गेलेलं तणनाशक

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग युरोपच्या निर्यातीसाठी नोंदवली, की काढणीआधी तिच्या घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. ‘ग्रेपनेट’ या प्रणालीत प्रत्येक प्लॉटची नोंद असते. कोणत्या प्लॉटचा नमुना कधी घेतला आणि त्यात काय सापडलं, हे मागे जाऊन शोधता येतं. ज्या औषधासाठी युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. एवढ्या बारीक प्रमाणाचा हिशेब नाशिकचा बागायतदार गेली कित्येक वर्षं करतो आहे. ‘रेसिड्यू’ हा शब्द इथे पारावरच्या गप्पांतही सहज येतो.

हा हिशेब शिकताना त्याने किंमतही मोजली आहे. २०१० च्या हंगामात युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. वेलीची पालेदार वाढ रोखण्यासाठी वापरलं जाणारं हे संजीवक. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि शेतकरी दोघांनाही मोठा फटका बसला. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी त्या मालाला आधीच पास केलं होतं. त्यांनी हलगर्जी केली होती असं नाही. तपासायच्या रसायनांच्या यादीत क्लोरमेक्वाटचं नावच नव्हतं. नंतर ते यादीत आलं आणि पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तपासणी आणखी कडक झाली. यादीत नसलेलं रसायन यंत्राला सापडत नाही, हा धडा नाशिकने असा पदरचे पैसे मोजून घेतला आहे.

आता त्याच बागेच्या बांधापलीकडे पाहू. तिथून एक ओहोळ जातो. मार्चमध्ये कोरडा, जुलैत गढूळ आणि दुथडी भरलेला. त्यात बागेचं, शेजारच्या मक्याचं, पलीकडच्या उसाचं आणि सोयाबीनचं पाणी उतरतं. तो ओहोळ पुढे कादवेला मिळतो आणि कादवा नांदूर मधमेश्वरला गोदावरीला. द्राक्षाच्या घडासाठी जी काळजी आपण घेतो, तिचा शंभरावा भागही या ओहोळाच्या वाट्याला येत नाही. हे प्रकरण त्या ओहोळाबद्दल आहे आणि त्यातही तणनाशकांबद्दल, कारण कीटकनाशकांची भीती आपल्या मनात आहे. तणनाशकांची तितकीशी नाही. ते गवत मारायचं औषध, त्याने माशाला किंवा बेडकाला काय होणार, असं सहज म्हटलं जातं.

शेतकरी तणनाशकाकडे का वळला, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. कांद्याची लागवड दाट असते. दोन रोपांत जेमतेम बोटभर जागा. तिथे कोळपं चालत नाही, खुरपं घेऊन बसूनच निंदणी करावी लागते. निंदणीला मजूर वेळेवर मिळत नाहीत, मिळाले तर एकाच आठवड्यात सगळ्या गावाला हवे असतात. पावसाची झड लागली की आठ दिवसांत तण पिकाच्या डोक्यावर जातं. अशा वेळी पंधरा लिटरचा पाठीवरचा पंप माणसाला वाचवतो. कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन आणि पेंडिमेथालिन, मक्यात आणि उसात अ‍ॅट्राझिन, उसात 2,4-डी आणि मेट्रिब्युझिन, सोयाबीनमध्ये इमाझेथापायर, बांधावरच्या हरळी आणि लव्हाळ्यावर ग्लायफोसेट, अशी साधारण वाटणी दिसते.

या यादीत हंगाम फार महत्त्वाचा आहे. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. तेव्हा मारलेलं तणनाशक अवकाळी पाऊस झाला नाही तर बहुतेक शेतातच राहतं आणि हळूहळू विघटित होतं. मक्यातलं अ‍ॅट्राझिन मात्र पेरणीनंतर, तण उगवण्याआधी किंवा उगवताना, ओल्या जमिनीवर मारायचं असतं. ओल नसेल तर ते नीट काम करत नाही. म्हणजे ते मारायची योग्य वेळ आणि मृगाच्या जोरदार सरींची वेळ एकच. येवला, चांदवड, निफाड, मालेगाव या मक्याच्या पट्ट्यात जून-जुलैच्या एखाद-दोन आठवड्यांत शेकडो शेतांवर एकाच वेळी ही फवारणी होते आणि त्यानंतर एका रात्रीत साठ-सत्तर मिलिमीटर पाऊस पडला की वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीतलं औषध पाण्याबरोबर निघतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या हायडेलबर्ग विद्यापीठाने १९७० च्या दशकापासून तिथल्या नद्यांचे नमुने सातत्याने घेतले आहेत. त्यांच्या नोंदींत दरवर्षी हेच चित्र दिसतं: पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात अ‍ॅट्राझिनचा उंच सुळका आणि मग उतरण. वर्षभरात वाहून जाणाऱ्या औषधाचा मोठा भाग अशा मोजक्या पावसांतच जातो.

किती जातं? जगभरच्या मोजमापांत साधारणपणे शेतात टाकलेल्या औषधाच्या एक टक्क्याच्या आगेमागे. फवारणीनंतर लगेच धो-धो पाऊस झाला तर काही टक्के. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. एका एकर मक्याला ४०० ग्रॅम शुद्ध अ‍ॅट्राझिन पडलं असं धरा. एक टक्का म्हणजे ४ ग्रॅम. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात अ‍ॅट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. चार ग्रॅम अ‍ॅट्राझिन वीस लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. युरोपची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, त्या हिशेबाने तेच चार ग्रॅम चार कोटी लिटर पाण्याला पुरतात. भूजलात ही मर्यादा ओलांडली जाते म्हणूनच युरोपीय संघाने अ‍ॅट्राझिनचा वापर थांबवला. हा एका एकराचा हिशेब आहे आणि एका लहान ओहोळाच्या पाणलोटात असे दीड-दोनशे एकर सहज येतात.

सगळी तणनाशकं मात्र एकाच वाटेने जात नाहीत. अ‍ॅट्राझिन, 2,4-डी, इमाझेथापायर ही मातीला फार घट्ट धरत नाहीत. ती पाण्यात विरघळून जातात, ओहोळ नितळ दिसत असला तरी त्यात असू शकतात. पेंडिमेथालिन, ऑक्सिफ्लोरफेन आणि ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटतात. काळ्या, चिकणमातीच्या जमिनीत तर अधिकच. त्यामुळे ती शेतातच राहतील असं वाटतं. पण माती स्वतःच वाहून गेली तर? जुलैतल्या ओहोळाचा चॉकलेटी रंग म्हणजे शेतातली वरची माती आहे आणि तिच्या पाठीवर बसून ही औषधं प्रवास करतात. म्हणून नुसतं पाणी तपासून भागत नाही, गाळही तपासावा लागतो.

गाळाचा विषय निघाला की नांदूर मधमेश्वरपाशी थांबावंच लागतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने कालव्यांसाठी बंधारा बांधला. शंभर वर्षांत त्याच्यामागे गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, उथळ दलदल पसरली, पाणवनस्पती उगवल्या आणि त्यांच्यामागे पक्षी आले. हिवाळ्यात इथे थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रवाक, वारकरी आणि क्रौंच यांचे थवे उतरतात. २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं. जो गाळ या जागेचा जन्मदाता, तोच आता वरच्या शेतांतून चिकटून येणाऱ्या रसायनांचा वाहक आहे.

तणनाशकाचा घाव इथे कसा बसेल? मेलेले पक्षी पाण्यावर तरंगताना दिसतील अशी अपेक्षा ठेवली तर आपण कायम चुकीच्या जागी पाहत राहू. अ‍ॅट्राझिन वनस्पतीतली प्रकाशसंश्लेषणाची एक पायरी अडवतं. शेतातलं तण आणि दगडावरचं शेवाळ यांत त्याला फरक कळत नाही. दगडाला हात लावल्यावर बुळबुळीत लागतो तो थर, म्हणजे शेवाळ, डायटम नावाची सूक्ष्म शैवालं आणि जिवाणू यांच्या बारीक जगाचा थर, ओहोळाचं कुरणच आहे. त्यावर गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या चरतात, त्यांच्यावर मासे. पाण्यात बुडालेल्या वनस्पतींत माशांची पिलं लपतात. गडवाल आणि वारकरी याच वनस्पतींवर पोट भरतात. हे कुरण पातळ झालं तर बदक औषधाने मरत नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याला इथे खायला कमी मिळतं. असा परिणाम पक्षिगणनेत उतरायला वर्षं लागतात आणि तोवर त्याचं खापर पावसावर फुटलेलं असतं.

बेडकांचं संकट अधिक थेट आहे. आपल्याकडचे बहुतेक बेडूक पहिल्या पावसाच्या डबक्यांत, शेताच्या सरीत, ओहोळाच्या कडेला अंडी घालतात. शेतातलं औषध सर्वांत जास्त उतरतं तेही तिथेच आणि त्याच आठवड्यांत. ग्लायफोसेटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाटलीतलं औषध म्हणजे फक्त ग्लायफोसेट नसतं. पानावर पसरावं, आत शिरावं म्हणून त्यात साबणासारखे घटक मिसळलेले असतात. अमेरिकेत रिक रेल्या यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा तयार मिश्रणाने बेडूकमाशांचा मोठा संहार झाला आणि या साबणी घटकांकडे लक्ष गेलं. अ‍ॅट्राझिनच्या अत्यल्प मात्रेने बेडकांच्या लैंगिक वाढीत बिघाड होतो, हा टायरोन हेज यांचा २००२ चा निष्कर्ष मात्र आजही वादात आहे. वाद आहे म्हणून तो विसरून जावा असं मला वाटत नाही, पण त्याच्या एकट्याच्या आधारावर भीती पसरवणंही बरोबर नाही.

तणनाशक शेताची हद्द ओलांडतं, याचा पुरावा द्राक्ष बागायतदाराला प्रयोगशाळेशिवायही मिळालेला आहे. शेजारच्या उसात किंवा गव्हात ‘टू-फोर-डी’ मारलं आणि वारा फिरला, की द्राक्षाची कोवळी पानं आक्रसतात, शिरा एकमेकींजवळ येतात, पान पंख्यासारखं होतं. द्राक्षवेल या औषधाला विलक्षण हळवी आहे. तणनाशकाचा पंप बागेच्या फवारणीला वापरायचा नाही, हा नियम इथे लहान पोरालाही माहीत असतो. वेलीच्या पानावर जे दिसतं ते पाण्यातल्या हायड्रिलाच्या पानावर कुणी पाहत नाही, एवढाच फरक.

मग नदीची तपासणी होतच नाही का? होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गोदावरीचे नमुने नियमित घेतं. गंगापूर धरण, रामकुंड, तपोवन अशी ठिकाणं त्यात आहेत. विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी, मैलाजन्य जिवाणू यांची नोंद होते. सांडपाणी हा नाशिकच्या गोदावरीचा मोठा रोग आहे आणि सिंहस्थ जवळ आला की त्यावर चर्चाही होते. तपासणी त्या रोगासाठी बांधलेली आहे. पण रामकुंड निफाडच्या शेतांच्या वरच्या अंगाला आहे. कादवेच्या खोऱ्यातून काय आलं, हे रामकुंडातलं पाणी कसं सांगणार? दुसरं म्हणजे, महिन्यातल्या ठरलेल्या तारखेला घेतलेली बाटली रात्री अडीच वाजता आलेल्या लोंढ्याला गाठूच शकत नाही. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलेलं असतं, औषध पुढे गेलेलं असतं, आणि अहवालात ‘आढळलं नाही’ असं लिहिलं जातं. ते खरंही असतं.

जर्मनीने २०१८ आणि २०१९ मध्ये शंभरहून अधिक लहान ओढ्यांवर हा प्रश्न मुळापासून तपासला. पाण्याची पातळी वाढली की आपोआप नमुना भरणारी यंत्रं ओढ्याकाठी बसवली. नेहमीच्या बाटलीला न सापडणारी प्रमाणं पावसाच्या नमुन्यांत सापडली आणि सुमारे ८० टक्के ओढ्यांत कोणत्या ना कोणत्या शेती-औषधाने परवान्याच्या वेळी सुरक्षित मानलेली पातळी ओलांडलेली निघाली. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या किनाऱ्यावर उसाच्या शेतांतून येणारं डायुरॉन आणि अ‍ॅट्राझिन असंच मोजलं जातं, कारण ते समुद्री गवताला आणि प्रवाळातल्या शैवालाला बाधतं. तिथे प्रत्येक रसायन सुटं न मोजता एकाच पद्धतीने मारणाऱ्या सगळ्या तणनाशकांचा भार एकत्र धरतात. आपल्या ओहोळातही अ‍ॅट्राझिन आणि मेट्रिब्युझिन एकाच वेळी असू शकतात. दोन्ही प्रकाशसंश्लेषणाच्या एकाच जागी घाव घालतात. प्रत्येक आपापल्या मर्यादेत असलं तरी शेवाळाला बेरीज सोसावी लागते.

धोका किती, हे ठरवण्याचं गणित सोपं आहे. पाण्यात मोजलेलं प्रमाण घ्यायचं आणि सर्वांत नाजूक सजीवाला ज्या प्रमाणापर्यंत काही होत नाही त्याने भागायचं. उत्तर एकाच्या वर गेलं तर काळजीचं कारण आहे. अडचण भाजकाची असते. हे आकडे बहुधा युरोप-अमेरिकेतल्या शैवालांवरून आणि माशांवरून आलेले आहेत. दख्खनच्या काळ्या दगडावरचे डायटम किती सोसतात, हे इथल्याच प्रयोगशाळांनी सांगायला हवं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर अनेक वर्षं काम चालू आहे, तो धागा धरता येईल.

नाशिकमध्ये असं काम उभं करायला लागणारं बरंचसं इथेच आहे. अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारी यंत्रं आणि ती चालवणारी माणसं द्राक्षांमुळे तयार झाली आहेत. फळ तपासणाऱ्या त्याच यंत्रावर पाणीही तपासता येतं, फक्त लिटरभर पाणी आधी एका शोषक नळीतून गाळून त्यातलं औषध गोळा करावं लागतं. नमुना गडद काचेच्या बाटलीत, बर्फाच्या पेटीत, काही दिवसांच्या आत पोहोचायला हवा. ग्लायफोसेटची वेगळीच तऱ्हा: ते काचेलाही चिकटू शकतं म्हणून अनेक प्रयोगशाळा त्याचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत मागतात, आणि शेकडो औषधं एका दमात शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते पकडलंच जात नाही. त्याची स्वतंत्र चाचणी सांगावी लागते. क्लोरमेक्वाटची आठवण इथे यावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या कीडनाशकांच्या यादीत अ‍ॅट्राझिन आणि 2,4-डी आहेत. ग्लायफोसेट, पेंडिमेथालिन, ऑक्सिफ्लोरफेन नाहीत.

महागडं स्वयंचलित यंत्र पहिल्याच वर्षी हवं असं नाही. शोषक चकती जाळीत बांधून दोन-तीन आठवडे ओहोळात टांगून ठेवली तर मधल्या सगळ्या लोंढ्यांतलं औषध तिच्यात साठत जातं. अ‍ॅट्राझिनसाठी रंग बदलणाऱ्या एलायझा चाचण्या तालुक्याच्या महाविद्यालयातही करता येतात. मराठा विद्या प्रसारक समाजाची (मविप्र) महाविद्यालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत. धरणांतल्या गाळाचा अभ्यास करणारी ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) नाशिकच्या दिंडोरी रोडवर आहे. कांद्यावर काम करणारी राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानची संस्था निफाड तालुक्यातच आहे. यांना एकत्र आणणारा एक आदेश आणि चार पावसाळ्यांचा निधी, एवढीच उणीव आहे.

कायद्याची वाट पाहत बसणं परवडणार नाही. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात अ‍ॅट्राझिन, 2,4-डी, पेंडिमेथालिन आणि ऑक्सिफ्लोरफेन होती. अखेरीस त्या यादीतल्या मोजक्याच औषधांवर पूर्ण बंदी आली. ही चारही तणनाशकं विक्रीत राहिली. ग्लायफोसेटचा वापर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्याची अधिसूचना निघाली. खेड्यातल्या बांधावर तिचा किती उपयोग झाला, हे गावोगावच्या पिवळ्या पडलेल्या बांधांवरून कळतं. आपल्या पाण्यातले आकडे हातात नसताना बंदीच्या बाजूने किंवा विरोधात बोलणारे दोघंही परदेशी शोधनिबंध एकमेकांवर फेकतात.

आकडे आले तर पहिला फायदा शेतकऱ्यालाच होईल. एक उदाहरण पुरेसं आहे. अ‍ॅट्राझिनचं द्रावण लिटरला २ ग्रॅम धरलं, तर पंपात उरलेल्या अर्ध्या लिटरात एक ग्रॅम औषध असतं. तो पंप ओहोळात विसळला की पाच लाख लिटर पाणी मर्यादेला टेकतं. वर काढलेल्या हिशेबातल्या एका एकराच्या नुकसानीचा हा चौथा हिस्सा, तोही पाऊस न पडता. पंप शेतातच, तण असलेल्या कोरड्या जागेवर धुतला तर हा सगळा भार वाचतो आणि खर्च काही नाही. पुढच्या दोन दिवसांत जोराचा पाऊस सांगितला असेल तर फवारणी थांबवणं, ओहोळाच्या काठाने तीन-चार मीटर गवताचा पट्टा राखणं, उताराला आडवी पेरणी करणं, यांतलं काय आपल्या काळ्या जमिनीत किती उपयोगी पडतं, हेही मोजूनच कळेल.

सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी तीन जागा सांगेन. मक्याच्या शिवारातून येणारा एखादा लहान ओहोळ, जिथे वरून शहराचं सांडपाणी येत नाही. पालखेड बंधाऱ्याच्या खाली कादवा. आणि नांदूर मधमेश्वरच्या जलाशयात शिरण्यापूर्वी, संगमाच्या वर, पुन्हा कादवाच. संगमाच्या खाली गेलं की दोन्ही नद्यांचं पाणी मिसळलेलं असतं आणि सापडलेलं औषध कोणत्या खोऱ्यातल्या शेतांतून आलं, हे सांगता येत नाही.